डाळमिल गप्प झाली तेव्हा

तुरीची डाळ गुपचूप होत नाही. घरी पाहुणे जेवायला बसले की हे वाक्य मी एकदा तरी बोलतो, आणि बायको वाढता वाढता म्हणते, "झालं, मिल सुरू झाली." पण खरं तेच आहे. वरणातली डाळ इतकी मऊ आणि गरीब दिसते, की तिच्यामागे केवढा दंगा झालेला असतो ते खाणाऱ्याला कळत नाही.

डोणगावच्या अलीकडे, रस्त्याला लागून असलेल्या एका डाळमिलमध्ये मी हिशेबाचं काम करतो. नेमणुकीच्या कागदावर हिशेबनीस लिहिलेलं आहे, लोक दिवाणजी म्हणतात. केस काळे असताना लागलो. आता जे उरलेत ते पांढरे आहेत.

बाहेरच्या माणसाला धंदा थोडक्यात सांगतो. तूर आली की आधी चाळणी, म्हणजे खडे, माती, काड्या बाजूला. मग रोलर. त्याला बाहेरून खरखरीत थर असतो, त्यावर दाणा घासला जातो आणि साल खरवडते. मग दाण्याला तेलाचा हात लावायचा, पाणी द्यायचं, उन्हात पसरायचं, बायांनी पायांनी चर पाडत ते वाळवण फिरवायचं. पुन्हा रोलर. शेवटी दाणा फोडायचा. प्रत्येक टप्प्याला माल एलिव्हेटरने वर चढतो, म्हणजे एक लांब उभा पट्टा आणि त्याला ठोकलेले लोखंडी डबे. एवढं सगळं झाल्यावर क्विंटलभर तुरीची सत्तर-बहात्तर किलो डाळ हातात येते. बाकीची चुनी आणि टरफल, ते गुरांना. यापेक्षा जास्त डाळ निघते असं कोणी सांगत असेल, तर एक तर तो खोटं बोलतो किंवा त्याचा काटा.

आमची जुनी मिल पत्र्याच्या शेडमध्ये होती. रोलर, चाळण्या, पट्टे आणि डबे एकदम सुरू झाले की शेजारच्याच्या कानाला तोंड लावून ओरडलं तरी त्याला फक्त तंबाखूचा वास कळायचा. नवा माणूस पहिले काही दिवस ओरडायचा, मग त्याचा घसा बसायचा आणि मग तो हात उचलायचा. सगळे असेच शिकले. दोन्ही मुठी एकमेकींवर ठेवल्या की पोतं बदल. तळहात आडवा फिरवला की बंद. एक बोट वर करून हवेत दोन गोल काढले की चालू. नाक दाबलं की पट्टा जळतोय. चिमूट चोळून झटकली की भेसळ, म्हणजे तुरीत हरभरा नाही तर लाखोळीसारखं दुसरं धान्य आलं.

भास्कर आला तो याच काळात. जवळच्या खेड्यातला, शेतकऱ्याच्या घरचा, जन्मापासून ऐकू न येणारा आणि म्हणून न बोलणारा. त्याचा मोठा भाऊ त्याला घेऊन फाटकाशी उभा राहिला, तेव्हा शेठ का-कू करत होते. मशीनचं काम आहे, हाक मारली तर ऐकणार कसा, असं त्यांचं म्हणणं. आमचे फिटर रहीमचाचा तिथेच ग्रीसचे हात पुसत होते. ते म्हणाले, "शेठ, अंदर कौनसा कोई सुनता है?"

शेठनी क्षणभर विचार केला आणि भास्कर एलिव्हेटरच्या पायाशी उभा राहिला.

अपंग माणूस म्हटला की तो गरीब, सोशिक आणि कामाला वाघ असलाच पाहिजे, असा लिहिणाऱ्यांचा एक समज असतो. भास्कर तसा नव्हता. कामाला बरा होता. आठवडी बाजाराच्या दिवशी हमखास उशिरा यायचा. तंबाखू स्वतःची कमी आणि दुसऱ्याची जास्त खायचा. आणि अख्ख्या मिलमध्ये त्याच्याइतका गप्पिष्ट माणूस नव्हता. तो येण्याआधी आमच्या हातांना फक्त कामाचे शब्द येत होते. पोतं, पट्टा, बंद, चालू, संपलं. भास्करने त्यांना चहाड्या शिकवल्या. कोणाचा जावई रुसून गेला, कोणाच्या डब्यात आज पुन्हा कालचीच भाजी आहे, ट्रकवाल्याने शेठला कसं गंडवलं, हे सगळं तो त्या कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात उभा राहून साभिनय सांगायचा. निवडणाऱ्या बायांच्या मुकादम कांताबाई एकदा वैतागून मला म्हणाल्या, "दिवाणजी, लय बडबड्या हाय हा. दिवसभर तोंड बंद नाई त्याचं." यात काही विचित्र आहे असं त्यांनाही वाटलं नाही आणि मलाही.

सगळ्यांना नावंही त्यानेच दिली. कांताबाई म्हणजे नाकाच्या चमकीवर बोट. रहीमचाचा म्हणजे हनुवटीखाली मूठ, दाढीची. शेठना बोलता बोलता पँट वर ओढायची सवय आहे, तेच त्यांचं नाव. माझं नाव म्हणजे अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवायचा, ओठ पुटपुटायचे आणि चष्म्याच्या वरून संशयाने बघायचं. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं कोणी जप करतंय. नंतर कळलं की तो मी आहे, डाळीचा दाणा न् दाणा मोजतोय. मी रागावल्यासारखं केलं. घरी सांगितलं तर बायकोने तीच खूण करून दाखवायला सांगितली, आणि तेव्हापासून तीही तेच नाव वापरते.

भास्करचं एक हत्यार होतं. कोणी रागावून सांगायला लागलं, की तो डोळे मिटायचा. संपलं. आपल्याला नको ते ऐकावंच लागतं, कानांना पापण्या नसतात. भास्करला ती सोय होती. कांताबाई एकदा त्याच्यापुढे बराच वेळ हातवारे करत उभ्या राहिल्या आणि हा देवळात बसल्यासारखा डोळे मिटून शांत. शेवटी त्यांनी चुनीची मूठ त्याच्या डोक्यावर टाकली, तेव्हा उघडले.

आमची ही सवय बाहेरच्यांना मात्र समजायची नाही. इंदूरकडचा एक ट्रकवाला माल भरायला आला होता. त्याने पाहिलं, की आत सगळेच हातांनी बोलतात. पुढच्या ढाब्यावर त्याने सांगितलं, की डोणगावजवळ एक शेठ फक्त मुक्या-बहिऱ्यांना काम देतो, देवमाणूस आहे. ही बातमी फिरत फिरत कोण्या तरुण नेत्याच्या कार्यकर्त्यांकडे गेली. नेत्याच्या वाढदिवसाला ते फोटोवाला आणि केळ्यांचे घड घेऊन मिलवर हजर झाले. शेठ गावाला गेले होते. मी खुलासा करायला तोंड उघडणार, तेवढ्यात कांताबाईंनी मला हाताने "बंद" केलं आणि पदर पुढे करून केळी घेतली. मग सगळ्यांनीच घेतली. रहीमचाचांचा रोजा होता, त्यांनी संध्याकाळसाठी ठेवून घेतली. एका कार्यकर्त्याने गहिवरून भाषण केलं, आम्ही सगळ्यांनी हात हलवून आभार मानले. गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत कोणी चकार शब्द काढला नाही. भास्करला मात्र केळं कमी मिळालं, कारण तो फोटोत हसत होता आणि फोटोवाल्याला तो मुका वाटला नाही.

पुढे शेठनी नवी यंत्रं बसवली. धंद्यात ते करावंच लागतं, त्यांना दोष नाही. सगळं झाकलेलं, हिरव्या रंगाचं. समोर काचेचा पॅनल आणि त्यावर दिवे. काळा दाणा कॅमेऱ्याने ओळखून हवेच्या फुंकरीने उडवून देणारं मशीनही आलं, त्यामुळे निवडणाऱ्या बाया पॅकिंगला गेल्या. आणि सगळ्यात मोठं म्हणजे आवाज गेला. रोलरशेजारी उभं राहून फोनवर बोलता येऊ लागलं. सुरुवातीला तर सकाळी आल्यावर मला मिल बंदच वाटायची.

शांतता आली आणि आम्हाला एकमेकांबद्दल पुष्कळ नव्या गोष्टी कळल्या. रहीमचाचा काम करताना गातात, हे तेव्हा कळलं. इतकी वर्षं ते कळलं नव्हतं हे जुन्या मशीनचे उपकार. बिहारकडून आलेले हमाल आपसांत जे बोलतात ते हिंदी नसून आणखी काही आहे, हेही कळलं. आवाज होता तोवर आम्ही सगळे एकाच भाषेचे होतो. वऱ्हाडी, उर्दू, बिहारी, पुण्याला शिकून आलेला शेठचा पुतण्या, सगळे हात. आता प्रत्येकाला आपापली जीभ परत मिळाली, आणि जीभ मिळाली की माणूस आपल्या जिभेच्या माणसाशेजारी जाऊन बसतो. चहाला पूर्वी एक घोळका असायचा. आता बिहारी पोत्यांवर, बाया पाण्याच्या टाकीशी, फिटर मंडळी वर्कशॉपच्या दारात. भांडण कोणाचंच नव्हतं. नुसतं बसणं वेगळं झालं.

भास्कर पहिले काही दिवस कप घेऊन या घोळक्यातून त्या घोळक्यात फिरला. हात वर करून काही सांगायला लागायचा. लोक बघायचे, हसायचे, एका हाताने थोडं उत्तर द्यायचे, पण दुसऱ्या हातात चहा आणि तोंड तिसऱ्याशी चालू. गोष्ट अर्ध्यावर राहायची. नंतर तो टरफलाच्या ढिगाशी एकटा बसून चहा प्यायला लागला. मिलमधला सगळ्यात बडबड्या माणूस गप्प झाला, आणि ते आवाज न करता झाल्यामुळे पुष्कळांच्या लक्षातही आलं नाही.

त्यातच ती भानगड झाली. जुन्या मिलमध्ये एलिव्हेटर अडकला की शेडचे पत्रे थरथरायचे, ते कळायला कान लागत नव्हते. नवा एलिव्हेटर अडकला की पॅनल पी-पी करतो, बस्स. ऐन हंगामात एका दुपारी भास्कर पाठ करून झाडत होता आणि पॅनल पी-पी करत राहिला. बाकीच्यांना वाटलं, तिथे भास्कर आहेच. वास सुटला तेव्हा रहीमचाचा धावले. पट्टा जळाला होता. नवा पट्टा येऊन मिल पुन्हा सुरू होईपर्यंत बाहेर तुरीच्या गाड्यांची रांग लागली आणि शेठचा चेहरा बघवेना.

शेठ वाईट माणूस नाहीत. त्यांनी भास्करवर आवाज चढवला नाही, चढवून उपयोगही नव्हता. मला केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "दिवाणजी, मशीन बोलते आन् याले ऐकू येत नाई. उद्या आग लागली तर कोन जबाबदार? हंगाम झाला की त्याले हमालीवर टाका." भास्करचा खांदा एकदा मोडून जेमतेम जुळलेला होता. हमालीवर टाकणं म्हणजे घरी पाठवणं, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. घरी त्याची बायको आणि शाळेत जाणारी मुलगी. भाऊ वेगळे झालेले. दुसरी कोणती मिल त्याला घेणार? आता सगळ्याच मिल शांत झाल्यात.

रहीमचाचांनी शेठना सांगून पाहिलं, की एक तार ओढायची आणि एक दिवा लावायचा, एवढंच काम आहे. आवाज झाला की दिवा फिरेल. शेठ म्हणाले, पॅनलचं सील तोडलं तर कंपनी वॉरंटी देणार नाही. कंपनीला विचारलं तर कंपनी म्हणाली, इंजिनिअर पाठवतो. तो इंजिनिअर अजून निघालेला आहे.

भास्करला सांगायचं काम माझ्याकडे आलं. हिशेब सांगणं सोपं असतं. मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि लक्षात आलं, की आमच्या भाषेत मशीन बंद करायची खूण आहे, माणूस बंद करायची नाही. मी पॅनलकडे बोट दाखवलं, मग कानाकडे, मग त्याच्याकडे, आणि तळहात आडवा फिरवायला घेतला. हात अर्ध्यात होता तोच त्याने डोळे मिटले. मी थांबलो. त्याने उघडले. मी हात उचलला. त्याने मिटले. शेवटी माझाच हात दुखायला लागला.

केबिनमध्ये परत गेलो. शेठनी विचारलं, "सांगतलं का?"

"सांगितलं."

"मग?"

"त्याने ऐकलं नाही."

मी थट्टा करतोय का हे पाहण्यासाठी शेठ बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मी करत नव्हतो.

हंगाम सरत आला तेव्हा पुण्याच्या एका मोठ्या खरेदीदाराचा फोन आला. ते आमची डाळ त्यांच्या पाकिटात विकणार होते. त्यांची अट अशी, की ज्या मिलमधून माल घ्यायचा तिथे सर्वसमावेशक कार्यस्थळाविषयी एक प्रशिक्षण झालं पाहिजे. फोन ठेवून शेठनी मला विचारलं, हे काय असते. मी म्हणालो, सगळ्या प्रकारची माणसं एका जागी नीट काम करतात का, ते बघतात. शेठचा जीव भांड्यात पडला.

"आपल्याकडं हायतच की. रहीमचाचा हाय, बाया हाय, बिहारचे हाय, भास्कर हाय." मग म्हणाले, "भास्करचं ते हंगामानंतर पाहू. आधी हे येऊन जाऊ द्या."

प्रशिक्षणाच्या दिवशी पॅकिंगच्या हॉलमध्ये पांढरी चादर टांगली होती. पोत्यांवर सतरंज्या टाकल्या होत्या. शेठच्या सांगण्यावरून भास्कर नवा शर्ट घालून पहिल्या रांगेत खुर्चीवर बसला होता. बाकी सगळे खाली. ज्या माणसाला काढायचं ठरलं होतं, तोच त्या दिवशी एकटा खुर्चीवर होता.

प्रशिक्षण देणाऱ्या मॅडम समृद्धी महामार्गाने येऊन मेहकरला उतरून आल्या होत्या. वयाने लहान, बोलायला नीट, आणि चपलांत टरफल शिरलं तरी तक्रार न करणाऱ्या. त्यांनी आधी सगळ्यांना विचारलं, इथे कोणाला वेगळं वागवलं जातं असं वाटतं का. सगळे एका सुरात नाही म्हणाले. आमच्याकडे सगळे एकच आहेत, असंही कोणीतरी जोडलं. मग चादरीवर चित्रं दिसू लागली आणि मॅडम बोलू लागल्या. दोन-तीन चित्रं झाली असतील. त्या मध्येच थांबल्या आणि भास्करकडे बघून म्हणाल्या, "मी काय बोलते आहे ते यांना कोण सांगतंय?"

कोणीच सांगत नव्हतं. भास्कर खुर्चीवर ताठ बसून चादरीकडे बघत होता.

मग कांताबाई उठल्या. गुडघे धरत भास्करसमोर जाऊन उभ्या राहिल्या, चमकीवर बोट ठेवून आपलं नाव सांगितलं आणि मॅडमना म्हणाल्या, "बोला. मी सांगतो त्याले."

मॅडम म्हणाल्या, विविधता ही कामाच्या जागेची ताकद असते. कांताबाईंनी विचार केला. आमच्या भाषेत वेगवेगळ्या गोष्टी एकत्र येण्याला एकच खूण होती. त्यांनी चिमूट चोळून झटकली. भेसळ. भास्कर ताडकन उठला आणि मशीन बंद करायला निघाला. त्याला दोघांनी धरून बसवलं. हॉलमध्ये हशा पिकला, मॅडम गोंधळल्या. रहीमचाचा म्हणाले, "अरे, ऐसा नहीं, मैं बताता," आणि पुढे आले. त्यांनी आधी आपली दाढी दाखवली, मग कांताबाईंची चमकी, मग माझी पेरं, मग शेठची पँट, बिहाऱ्यांचा डोक्यावरचा गमछा, शेवटी भास्करकडे बोट. आणि मग दोन्ही मुठी एकमेकींवर ठेवल्या. पोतं. एकच पोतं.

भास्कर हसला. मागून कोणीतरी हात वर करून शेठची खूण पुन्हा केली. दुसऱ्याने त्यात पोट वाढवलं. बिहारचा एक जण आपल्या नावाबद्दल तक्रार करू लागला, तीही हातांनीच. किती दिवसांनी मी एवढे हात एकदम वर पाहिले. मॅडमचं पुढचं चित्र चादरीवर तसंच थांबलं होतं.

तेवढ्यात भास्कर उभा राहिला आणि त्याने सगळ्यांना थांबवलं. आधी पँट वर ओढली. शेठ. मग पेरं मोजली, चष्म्यावरून पाहिलं. दिवाणजी. मग पॅनल, कान, आपली छाती. आणि तळहात आडवा. मी त्या दिवशी जसं अडखळत केलं होतं अगदी तसंच, हात अर्ध्यात अडकवून, दुखरं कोपर धरून. म्हणजे त्याला तेव्हाच सगळं कळलं होतं. मग तो पॅनलच्या दिशेने वळला, ओठांवर बोट आपटलं, आणि आपले दोन्ही हात पुढे करून ते शेठच्या समोर उलटेसुलटे फिरवले.

मॅडमनी विचारलं, "हे काय म्हणतायत?"

शेठ घाईने म्हणाले, "काही नाई मॅडम, चहाचं विचारून राह्यला."

कांताबाईंनी शेठकडे पाहिलं. त्यांचीही रोजी इथलीच आहे. दोन सुना आणि एक अंथरुणावरचा नवरा त्या रोजीवर आहेत, हे मला पगारपत्रकावरून नाही, वर्षानुवर्षांच्या चहावरून माहीत आहे. त्या खाली बसू शकल्या असत्या.

"चहाचं नाई," त्या म्हणाल्या. "त्याले कामावरून काढून राह्यले, त्याचं विचारते तो. म्हन्ते, मशीनले तोंड देल्लं, हात काऊन नाई देल्ले?"

मॅडमनी भाषण केलं नाही, हे मी त्यांच्या बाजूने आवर्जून लिहून ठेवतो. त्यांनी फक्त म्हणजे काय, असं विचारलं. रहीमचाचांनी दिव्याचं सांगितलं, शेठनी वॉरंटीचं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "मला मशीनमधलं कळत नाही. पण मला हे समजून घ्यायचंय, की अडलंय ते दिव्यावर का?" आणि त्या उत्तराची वाट बघत बसल्या.

शेठ उभे होते. त्यांनी नकळत पँट वर ओढली, आणि सगळ्या हॉलने त्यांचं नाव त्यांच्याच हातून पाहिलं. कोणी हसलं नाही. मग त्यांनी भास्करकडे पाहिलं. मी त्यांना ओळखतो. नवी यंत्रं आल्यापासून ते भास्करविषयी पुष्कळ बोलले होते, त्याच्याकडे बघून मात्र एकदाही नाही. लोक विसरतात, पण शेठ तरुणपणी वडिलांच्या हाताखाली त्याच जुन्या शेडमध्ये रोलरवर उभे राहिलेले आहेत. आमच्यातल्या पुष्कळांच्या आधीची त्यांची भाषा आहे.

त्यांनी एक बोट वर केलं आणि हवेत दोन गोल काढले. जुन्या पद्धतीचे, मोठे, खांद्यापासून.

भास्करचे डोळे या वेळी उघडे होते.

"हे काय म्हणाले?" मॅडमनी विचारलं.

"चालू," कांताबाई म्हणाल्या, आणि गुडघे धरत खाली बसल्या.

दुसऱ्या दिवशी रहीमचाचांनी पाण्याच्या जुन्या टँकरवरचा पिवळा फिरता दिवा काढून एलिव्हेटरजवळ बसवला. सील न तोडता जोडणी कशी केली ते मला विचारू नका, मी हिशेबाचा माणूस आहे. पॅनल बोलला की दिवा फिरतो, भिंती, पोती, माणसं सगळी पिवळी होतात. पुण्याहून एक प्रशस्तिपत्र आलं, ते शेठनी फ्रेम करून केबिनमध्ये लावलंय. येणाऱ्याजाणाऱ्याला ते सांगतात, की दिव्याची कल्पना त्यांची. कोणी खोडून काढत नाही. हुकूम त्यांचा होता, तेवढं खरं आहे.

चहाचा घोळकाही पुन्हा एक झालाय. प्रशिक्षणामुळे झाला असं मी म्हणणार नाही. शेठच्या पुतण्याने मिलमध्ये कॅमेरे लावले आणि त्यांना आवाजही ऐकू येतो, असं निघालं. तेव्हापासून ज्याला म्हणून काही खाजगी बोलायचं असतं, तो हातांनी बोलतो, आणि त्यासाठी सगळ्यांना भास्करकडे यावं लागतं. बिहारची पोरं तर इतकी तयार झालीत, की माझ्याविषयी माझ्यासमोर बोलतात आणि मला उशिरा कळतं. खंत एवढीच, की जुन्या खुणांतल्या काही गेल्या. नाक दाबून दाखवलं तर नवी माणसं रुमाल पुढे करतात. ती दिव्यानंतर आली, जळका पट्टा त्यांनी पाहिलेलाच नाही.

परवाच्या बाजाराच्या दिवशी भास्कर पुन्हा उशिरा आला. वर्षभराच्या उशिरांचा हिशेब मनात मांडून मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो. हात वर नेला, आणि त्याने डोळे मिटले. मीही या वेळी हटलो नाही. म्हटलं, कधी ना कधी उघडेल. तो स्टुलावर शांत बसलेला, मी हात वर करून उभा, आणि चहाचा अख्खा घोळका आम्हा दोघांकडे बघत होता.

मग मागे पॅनल पी-पी करू लागला. पिवळा उजेड फिरत आला आणि भास्करच्या मिटलेल्या पापण्यांवरून गेला. तो लगेच उठला, माझा वर केलेला हात हलकेच बाजूला सारला आणि एलिव्हेटरकडे गेला.